हवा खायची की उपचार घ्यायचा? शिनरिन-योकु आणि शिनरिन सेरापी

आपण हवा खातो, ऊन खातो. जपानी माणूस त्यात न्हातो. उन्हात पडून राहणं म्हणजे निक्कोयोकु, समुद्रात डुंबणं म्हणजे काइसुइयोकु. यातला ‘योकु’ म्हणजे अंघोळ. शिनरिन-योकु हा शब्द याच साच्यातला. शिनरिन म्हणजे अरण्य. ‘वनस्नान’ हे त्याचं मराठी रूप अक्षराला धरून आहे, पण त्याला उगाच व्रतवैकल्याचा वास येतो. मूळ अर्थ रानातली हवा खाऊन येणं, इतका साधा.

याच्या शेजारचा दुसरा शब्द शिनरिन सेरापी. सेरापी म्हणजे जपानी जिभेवरची थेरपी. आपल्याकडे दोन्हींना ‘फॉरेस्ट बाथिंग’ म्हणून एकाच पोत्यात कोंबतात आणि मग सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येतं : जपानमध्ये डॉक्टर गोळ्यांऐवजी जंगल लिहून देतात, त्याने कर्करोगाच्या पेशी मरतात. गल्लत इथेच होते. पहिल्या शब्दाचा मोकळेपणा आणि दुसऱ्याचे आकडे एकत्र शिजवले की असा निरोप तयार होतो.

शिनरिन-योकु हा शब्द प्राचीन नाही, झेन मठातून आलेला तर अजिबात नाही. तो आणला 1982 साली जपानच्या वनखात्याचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी. देशाचा दोनतृतीयांश भाग जंगलाखाली. त्यात महायुद्धानंतर डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांच्या रोपांनी भरून टाकलेले. तोवर बाहेरून स्वस्त लाकूड येऊ लागलं आणि इथल्या लाकडाचा धंदा बसत चालला. जंगल तर उभं आहे, मग शहरातल्या दमलेल्या माणसांना तिथे बोलवायला काय हरकत, असा तो सरकारी हिशेब. सरकारी कचेरीतून इतका गोड शब्द बाहेर पडावा याचं मला अजून नवल वाटतं. मात्र तेव्हा त्यामागे नाडी-रक्तदाबाचं एकही मोजमाप नव्हतं. झाडांत आरोग्याला चांगलं काहीतरी असतं हा विश्वास होता आणि ‘या’ म्हणून आमंत्रण होतं.

ते आमंत्रण सर्वांत आधी आलं नागानो प्रांतातल्या आगेमात्सु गावाजवळच्या अकासावा जंगलातून. इथले हिनोकी सुमारे तीनशे वर्षांचे. ते एवढे जगले कारण एदो काळात (1603 ते 1868) हे रान ओवारीच्या सरदारांच्या ताब्यात होतं आणि चोरून झाड तोडणाऱ्याला दिलेली तंबी आजही सांगतात : ‘एक झाड, एक मुंडकं’. इसेचं देवालय दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात, त्यासाठी हिनोकी जातो तो अकासावा ज्यात आहे त्या किसो खोऱ्यातून. ताज्या कापलेल्या हिनोकीला लिंबाच्या सालीच्या अंगाने जाणारा, किंचित तिखट वास असतो. जपानी घरात न्हाणीचा टब याच लाकडाचा असेल तर पाहुण्याला ते मुद्दाम सांगितलं जातं.

आता दुसऱ्या शब्दाकडे. सेरापीचा पाया मोजमापावर आहे. 2004 नंतर हे काम जोरात सुरू झालं. संशोधक योशिफुमी मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या 24 जंगलांत एकच प्रयोग केला. प्रत्येक ठिकाणी बारा तरुण विद्यार्थी. सहा जंगलात, सहा शहरात. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. पोराला खुर्चीवर बसवायचं, पंधराएक मिनिटं समोर नुसतं बघायला लावायचं, मग साधारण तेवढंच चालवायचं. आधी आणि नंतर नाडी, रक्तदाब, तोंडातली लाळ. 2010 साली निष्कर्ष छापले गेले. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल जंगलात शहरापेक्षा 13 ते 16 टक्के कमी. वरचा रक्तदाब मात्र दोन टक्क्यांच्या आतच उतरला, म्हणजे 120 असेल तर 118. फरक खरा आहे, पण कुणी आपली रक्तदाबाची गोळी बंद करावी असा नाही. शिवाय आपण जंगलात बसलोय हे त्या पोराला दिसत होतंच. खोटी गोळी देऊन फसवता येतं तसं खोटं जंगल देता येत नाही.

कर्करोगाची गोष्ट येते ती टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले डॉ. चिंग ली यांच्या कामातून. 2005 साली त्यांनी टोकियोतल्या मोठ्या कंपन्यांमधले बारा पुरुष दोन रात्री, तीन दिवस नागानोतल्या ईयामाच्या जंगलात नेले आणि रक्त तपासलं. विषाणू लागलेल्या आणि बिघडलेल्या पेशींवर तुटून पडणाऱ्या एनके पेशींची ताकद जवळपास निम्म्याने वाढलेली दिसली. पुढे त्यांनी त्याहून मजेदार प्रयोग केला : बारा पुरुषांना टोकियोच्याच हॉटेलात तीन रात्री ठेवून खोलीत हिनोकीच्या तेलाची वाफ सोडली. एनके पेशी तिथेही वाढल्या. झाडं सोडतात त्या सुगंधी द्रव्यांचा, म्हणजे फायटोन्साइडचा, यात हात असावा असं त्यावरून मानतात. पण बारा धडधाकट माणसांच्या रक्तात पेशी वाढणं वेगळं आणि रोग्याचा रोग बरा होणं वेगळं. दुसरी गोष्ट या प्रयोगांनी दाखवलेली नाही.

या मोजमापांतून 2006 पासून ‘सेरापी तळ’ ठरवायची पद्धत पडली. गावाने अर्ज करायचा, तिथल्या वाटेवर वरच्यासारखाच प्रयोग व्हायचा, निकाल चांगला आला तर शिक्का. अशी साठाहून अधिक ठिकाणं आहेत. वाट रुंद लागते, चढ सौम्य लागतो, सोबत शिकलेला वाटाड्या मिळतो, बऱ्याच ठिकाणी आधी-नंतर रक्तदाब बघतात. टोकियोत नोकरीला असलेल्यांना त्यातल्या त्यात सोयीचं म्हणजे ओकुतामा. शहराच्याच पश्चिम टोकाला, शिंजुकूहून रेल्वेने दोनेक तास. तिथली तोके नावाची वाट खास सेरापीसाठी बांधलेली, 1.3 किलोमीटर, पायाखाली लाकडाच्या बारीक ढलप्या. पावलाचा आवाजच येत नाही.

शिनरिन-योकुला यातलं काहीच लागत नाही, शिक्का नको, वाटाड्या नको, पैसे नकोत. ट्रेकवाल्यांना जड जाते ती फक्त चाल. चिंग ली यांचा हिशेब अर्ध्या दिवसाला अडीच किलोमीटर, तेही दोन तासांत. पिकलेल्या गुडघ्यांनासुद्धा लाज वाटावी इतका मंद वेग. माथा गाठायचा नसतो, दम लागला तर बसायचं, तहान लागली तर पाणी किंवा चहा प्यायचा. मला विचाराल तर निवांतपणासाठी हेच पुरेसं आहे. सेरापी त्याने घ्यावी ज्याला स्वतःहून थांबता येत नाही आणि ‘आता थांबा’ असं सांगणारं कुणीतरी लागतं. आजारी माणसाने दोन्हींच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारावं.

अकासावात दोन्ही गोष्टी एकाच झाडांखाली चालतात : शिनरिन-योकुची जन्मभूमी तीच आणि सेरापी तळांच्या यादीतही तिचं नाव. जायचं तर मे ते ऑक्टोबर, हिवाळ्यात ते रान बंद असतं. आणि फेब्रुवारी ते एप्रिल सुगीच्या कुठल्याही रानात जाताना मास्क ठेवावा. युद्धानंतर लावलेल्या त्या सगळ्या झाडांचे पराग तेव्हा पिवळ्या धुरासारखे उडतात आणि जवळपास निम्मा जपान शिंकत असतो.