मालीतील गावशाळा : गावातलाच गुरुजी, आणि फ्रेंचचा पेच

माली हा पश्चिम आफ्रिकेतला देश, एकेकाळची फ्रेंच वसाहत. त्याच्या दक्षिणेत, तेव्हाच्या सिकासो प्रदेशातला कोलोन्दिएबा हा कापसाचा मुलूख. 1992 मध्ये एका परदेशी बालकल्याण संस्थेच्या मदतीने इथल्या चार गावांत शाळा सुरू झाल्या. दशक संपेपर्यंत देशभरात अशा शेकडो सामुदायिक शाळा झाल्या होत्या. त्यांची मूल्ये कागदावर फार सुंदर वाटतात: मातृभाषा, मुलगामुलगी समानता, गावाची मालकी. प्रत्यक्षात ही तिन्ही मूल्ये एका माणसाच्या खांद्यावर उभी होती, आणि तो माणूस सरकारच्या लेखी शिक्षक नव्हता.

स्वातंत्र्यानंतर 1962 च्या शिक्षण सुधारणेने सर्वांना शिक्षणाचे वचन दिले होते. गावकऱ्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला: मुलगा शिकला की सरकारी नोकरी. 1983 मध्ये सरकारी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा आली आणि ती वाट अरुंद झाली. शिकून घरी बसलेला आणि शेतीलाही नको असलेला मुलगा पाहून अनेक आईबापांनी शाळेकडे पाठ फिरवली. त्याच दशकात देशाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या खर्चकपातीच्या अटींमुळे शिक्षकांना मुदतीआधी निवृत्ती देण्यात आली, अध्यापक विद्यालये बंद पडली. 1990 च्या सुमारास देशातल्या चारांपैकी जेमतेम एक मूल प्राथमिक शाळेत होते. खेड्यात जायला सरकारकडे माणसेच उरली नव्हती.

मग शिकवणार कोण? कापसाच्या पट्ट्यात याचे उत्तर आधीच तयार होते. 1970 च्या दशकापासून गावोगावच्या शेतकरी संघटना कापूस स्वतः तोलून तो विकत घेणाऱ्या कापूस कंपनीला देऊ लागल्या होत्या. तोलाची वही ठेवायला वाचता-लिहिता येणारा माणूस हवा, म्हणून तरुण शेतकऱ्यांना बांबारा या तिथल्या बोलीच्या भाषेत साक्षर केले गेले. काटा वाचणारा, नावापुढे किलो मांडणारा हा तरुण गावशाळेचा पहिला गुरुजी होऊ शकला. त्याच्या जोडीला सहावीपर्यंत सरकारी शाळेत जाऊन परतलेले काही जण होते. साधारण महिनाभराचे प्रशिक्षण, मग वर्ग, आणि अधूनमधून भेट देणारा पर्यवेक्षक. स्त्री शिक्षक कमी मिळाल्या, कारण साक्षरता वर्गांतच बायका कमी होत्या.

शाळेची मांडणी ठरलेली होती. गावाने मातीच्या विटांची खोली बांधायची. पत्रे आणि सिमेंट बाहेरून यायचे. एका वर्गात 30 मुले, त्यांत 15 मुलगे आणि 15 मुली. ही अट मुद्दाम घातलेली होती. जागा मोजून दिल्या नाहीत, तर पाणी, दळण आणि धाकटी भावंडे सांभाळणारी मुलगी घरीच राहते. शाळा नोव्हेंबर ते मे, दिवसाला दोन-तीन तास, म्हणजे पावसाळी शेतीच्या आड येत नाही. एका गुरुजीला एकच तुकडी पुढे न्यायची असल्याने नवा वर्ग दरवर्षी उघडत नसे. ज्याचे वय मधल्या वर्षी भरले, त्याने पुढच्या भरतीपर्यंत थांबायचे. हा दोष ठाऊक होता, पण दुसऱ्या गुरुजीचा पगार गावाला झेपत नव्हता.

सर्वांत मोठा वाद झाला फ्रेंचवरून. मूळ आराखड्यात तीन वर्षांचे शिक्षण होते, तेही बांबारातून: वाचन, लेखन, हिशेब, आरोग्य. मुले भराभर वाचू लागली, कारण बोलायची भाषा आणि वाचायची भाषा एकच होती. पण तिसरे वर्ष संपल्यावर पुढे काय? जवळच्या सरकारी शाळेत चौथीचा वर्ग पूर्ण फ्रेंचमध्ये. सहावीनंतरची वाट फ्रेंचमधून आणि नववीनंतरची देशपातळीवरची परीक्षाही फ्रेंचमध्येच. आईबापांनी फ्रेंच मागितले. काही तज्ज्ञांनी याला वसाहतकाळाची ओढ म्हटले. तसे म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या दारावर फ्रेंचमध्ये पाटी आहे, त्या दाराची किल्ली गावकरी मागत होते.

शेवटी फ्रेंच आले आणि शाळा सहा वर्षांची झाली. अडचण अक्षरांपासून सुरू झाली. बांबारासाठी 1967 मध्ये ठरलेली रोमन लिपी उच्चाराशी प्रामाणिक आहे. तिच्यात 'सी' अक्षराचा उच्चार 'च': 'चे' म्हणजे पुरुष, लिहायचा 'सी'ने. तेच अक्षर फ्रेंचमध्ये कुठे 'क', कुठे 'स'. 'मुसो' म्हणजे बाई, त्यातला 'उ' एकट्या 'यू'ने लिहितात. फ्रेंचमध्ये त्या 'उ'साठी 'ओ' आणि 'यू' अशी दोन अक्षरे जोडावी लागतात आणि एकटा 'यू' ओठ चंबू करून वेगळाच उच्चारायचा. हा बदल मुलाला टप्प्याटप्प्याने, आधी तोंडी आणि मग लेखी शिकवावा लागतो. तो शिकवणाऱ्याला स्वतःला फ्रेंच यायला हवे. तोलाची वही ठेवणाऱ्या गुरुजीला ते येत नव्हते. सहावी शिकलेल्याचे बरेचसे विसरले होते. त्यामुळे फ्रेंच आले तसा निवडीचा निकष सरकला: गावातला माणूस की फ्रेंच येणारा माणूस? जास्त शिकलेला मिळाला, तर तो जास्त पगार मागणार आणि बरी नोकरी मिळताच जाणार.

पगाराचे दुखणे इथेच होते. गुरुजीचे मानधन गावाच्या वर्गणीतून यायचे. वर्गणीचा रोकडा कापसाचा, आणि कापसाचे पैसे हाती येईपर्यंत शाळेचे निम्मे वर्ष सरते. जानेवारी 1994 मध्ये सेफा फ्रँकचे, म्हणजे मालीच्या चलनाचे, मूल्य निम्मे झाले. एका फ्रेंच फ्रँकला 50 ऐवजी 100 सेफा पडू लागले. कापूसवाल्याला त्याचा फायदा झाला, पण बाहेरून येणाऱ्या वस्तू महागल्या. 2000-01 च्या हंगामात भावाच्या वादातून शेतकऱ्यांनी कापूस पेरायचे नाकारले आणि देशाचे उत्पादन जवळपास निम्म्यावर आले. अशा वर्षी वर्गणी कुठून येणार?

सरकारने 1994 मध्ये नियम करून या शाळांना मान्यता दिली आणि 1999 च्या शिक्षण कायद्यातही त्यांना जागा मिळाली. मान्यता शाळेला मिळाली. गुरुजीची सेवा, निवृत्तिवेतन, बढती मोकळीच राहिली. बांबारात शिक्षकाला 'करामोगो' म्हणतात. हा मूळचा धर्मग्रंथ वाचणाऱ्या विद्वानासाठीचा मानाचा शब्द. सरकारी मास्तर तो 'लाकोलीकरामोगो', फ्रेंच 'लेकोल'वरून. गावाने आपल्या गुरुजीला करामोगोचा मान दिला, सरकारी कागदाने मात्र 'सामुदायिक' हे विशेषण कायम पुढे जोडले, आणि त्या एका शब्दामुळे तो वेतनश्रेणीबाहेर राहिला.

पुढे शाळांचा कारभार निवडून आलेल्या ग्रामीण कम्यूनकडे, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, सोपवण्यात आला, देशाला मिळालेल्या कर्जमाफीतून सुटलेल्या निधीतून काही मानधन मिळू लागले आणि हळूहळू बऱ्याच सामुदायिक शाळा सार्वजनिक झाल्या. गुरुजीचे पोट त्यामुळे सुरक्षित झाले, हे मोठे काम. पण पगार बाहेरून येऊ लागला तशी गुरुजी नेमण्याची गावसमितीची सत्ता गेली. 2023 च्या संविधानाने 13 राष्ट्रीय भाषांना अधिकृत दर्जा दिला आणि फ्रेंच कामकाजाची भाषा राहिली. कोलोन्दिएबातल्या आईबापांनी तीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न, तिसरीनंतर काय, आता पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत छापल्या जातात यावर येऊन थांबला आहे.