चौदाव्या वर्षाचे कान

आमच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरात शुक्रवारची रात्र म्हणजे जेवणं आवरली की बीबीसी फोर हे चॅनल लावायचं आणि टॉप ऑफ द पॉप्सचे नव्वदीतले जुने भाग बघत बसायचं. नवरा इथेच लहानाचा मोठा झालेला, त्याचे आईवडील सत्तरच्या दशकात इथे आले. मी सांगलीची, लग्नानंतर आले. आणि लेक आता तेरा वर्षांची. एकच सोफा, एकच टीव्ही, एकच गाणं, पण तीन डोक्यांमध्ये तीन वेगळ्याच गोष्टी चाललेल्या असतात, नवऱ्याचे डोळे ज्या गाण्याला भरून येतात त्याला माझे येत नाहीत, हे मला हळूहळू लक्षात यायला लागलं आणि मग मी त्यामागचं विज्ञान वाचायला घेतलं ते सुटेचना.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे बिनाका गीतमालेत गाणी पायदान चढायची ना, तसं इथे दर आठवड्याच्या विक्रीवरून चार्ट लागायचा, आणि वर चढणाऱ्या गाण्यांचे कलाकार स्टुडिओत येऊन समोर उभ्या असलेल्या पोरापोरींसमोर ते गाणं सादर करायचे, शेवटी एक नंबरचं गाणं. १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओतून हे सुरू झालं आणि जुलै २००६ पर्यंत आठवड्याच्या आठवड्याला चाललं. सुरुवातीच्या वर्षांतले बहुतेक भाग आज नाहीतच, टेप महाग होती म्हणून पुसून त्यावर दुसरं काहीतरी भरायचे. नव्वदीतले मात्र जपलेले आहेत. २०११ पासून बीबीसी फोरने १९७६ पासूनचे भाग क्रमाने दाखवायला घेतले आणि तसंच पुढे सरकत नव्वदीत आले.

तर एका शुक्रवारी नोव्हेंबर १९९१ चा निर्वाना या अमेरिकन रॉक बँडचा परफॉर्मन्स लागला, गाणं स्मेल्स लाइक टीन स्पिरिट. नवरा एकदम सावरून बसला. त्याला काय होणार ते माहीत होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कार्यक्रमाने नवा नियम आणला होता की वाद्यं टेपवर वाजली तरी चालतील पण गाणाऱ्याने माइकवर खरं गायचं. बँडचा गायक कर्ट कोबेन याला हे अर्धवट सोंग आवडलं नाही, म्हणून त्याने मूळ गाण्यातला तो फाटलेला, ओरडणारा आवाज टाकून देऊन खूप खालच्या पट्टीत, जाड आवाजात, जवळजवळ पेंगत गायलं, गिटार वाजवायचं नावसुद्धा केलं नाही, आणि मागे दोघे टेपशी काही संबंध नसल्यासारखे हातपाय हलवत होते. लेक म्हणाली, "आई, हा चुकीचं गातोय." मी म्हटलं, "अगं तुला कसं माहीत? तू तर हे गाणं धड ऐकलेलंही नाहीस." तर म्हणे, "बाबा गाडीत लावतात की."

इथे थांबते जरा, कारण यात दोन मोठ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे आपल्या डोक्यात गाणं किती नेमकं साठवलेलं असतं. आपण समजतो की स्वरांची पक्की ओळख फक्त गवयांना असते. १९९४ मध्ये डॅनियल लेविटिन नावाच्या संशोधकाने ४६ साध्या लोकांना, म्हणजे विद्यार्थ्यांना, सांगितलं की तुमच्या आवडीचं रेकॉर्डवरचं गाणं आठवा आणि म्हणून दाखवा. पेटी नाही, तानपुरा नाही, कुणी सूर दिला नाही. दोन वेळा म्हणायला लावलं, आणि साधारण ४० टक्के लोकांनी निदान एकदा तरी अगदी रेकॉर्डवरचाच मूळ सूर धरला! लयीचंही तसंच निघालं, बहुतेकांची लय मूळ गाण्यापेक्षा ८ टक्क्यांहून जास्त वेगळी नव्हती. म्हणजे मेंदू नुसती चाल लक्षात ठेवत नाही, पट्टी आणि वेग पण ठेवतो. म्हणून कोबेनने पट्टी सोडली की तेरा वर्षांच्या पोरीलाही काहीतरी टोचतं, ते काय हे सांगता आलं नाही तरी.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. तबल्यावर तिहाई सुरू झाली की आपण समेची वाट बघतो आणि सम आली की मान आपोआप डोलते, ही जी वाट बघणं आहे तीच खरी मजेची जागा. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये लोकांना त्यांचं स्वतःचं आवडतं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदूचे स्कॅन घेतले, तर डोपामीन, म्हणजे बक्षिसाच्या आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, दोनदा आणि दोन वेगळ्या जागी स्रवताना दिसलं, एकदा तो काट्याचा क्षण यायच्या आधीचे काही सेकंद आणि एकदा प्रत्यक्ष त्या क्षणी. म्हणजे बक्षीस मिळायच्या आधीच मेंदू बक्षीस वाटायला लागतो. नवऱ्याला त्या गाण्यातला ओरडण्याचा क्षण केव्हा येणार ते पाठ आहे, तो क्षण आलाच नाही, आणि तरी तो हसत होता, कारण त्याला ही फसवणूकही पाठ होती. मला काहीच वाटलं नाही. मी १९९१ मध्ये सांगलीत तेरा वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात या गाण्याची सम कुठे आहे याची नोंदच नव्हती.

आता ओठ आणि आवाज यांचं बघा. तो खरं गाण्याचा नियम दोनतीन वर्षांत सैल झाला, आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये ओअॅसिस या इंग्लिश बँडमधल्या दोघा भावांनी जागाच बदलल्या, गाणारा लिअम गिटार धरून उभा आणि गिटारवाला नोएल लिअमच्या आवाजावर ओठ हलवतोय. बघताना पहिले काही सेकंद खरंच पटतं की तोच गातोय. नवरा सांगतो की नुसते ओठ हलवण्याला इथे फसवणूक समजायचे. मला हे ऐकून नवल वाटलं, कारण आपण तर या कलेवरच वाढलो, पडद्यावर मधुबाला आणि आवाज लताबाईंचा, आणि आपल्याला कधी फसल्यासारखं वाटलं नाही, उलट दोघी मिळून एक तिसरीच बाई तयार व्हायची असं मला अजूनही वाटतं.

मेंदूच्या दृष्टीने दोन्ही एकच आहे. रामदास पाध्ये अर्धवटरावांना घेऊन बसले की आवाज पाध्यांच्या गळ्यातून येतोय हे माहीत असूनही तो बाहुल्याच्या तोंडातून ऐकू येतो. शब्दभ्रम म्हणतात ते खरंच भ्रम आहे, जागा ठरवण्याच्या बाबतीत डोळा कानापेक्षा जास्त नेमका असतो म्हणून मेंदू आवाज उचलून डोळ्याने दाखवलेल्या जागी ठेवतो. याहून कमाल म्हणजे १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी दाखवलेला प्रकार. आवाज 'बा' चा आणि चित्रात तोंड 'गा' म्हणणारं असं जोडलं तर बऱ्याच लोकांना चक्क 'दा' ऐकू येतं. डोळे मिटले की परत 'बा'. म्हणजे डोळा नुसती जागा बदलत नाही, अक्षरसुद्धा बदलून टाकतो.

आणि हे ओठ-आवाजाचं जुळणं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं हे मला सगळ्यात आवडलं. आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद जरी आधी आला तरी लोकांच्या लक्षात येतं, पण मागून आला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही, टीव्हीच्या प्रसारणासाठी १९९८ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हेच आकडे आहेत. असं का असावं? मैदानावर लांब बसून क्रिकेट बघताना बॅट फिरलेली आधी दिसते आणि टक् आवाज नंतर येतो ना, आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटरच जातो, म्हणजे सत्तर मीटरवरचा टक् पाव सेकंदाच्या जरासा आत पोचतो. निसर्गात आवाज मागून येतो, पुढे कधीच येत नाही. आयुष्यभर मेंदूला मागून येणाऱ्याची सवय आहे म्हणून तो तिकडे सांभाळून घेतो. त्यामुळे एखादा गायक टेपच्या जरा आधी ओठ हलवतो ते चालून जातं, पण त्याचे ओठ उशिरा हलले की लगेच पकडला जातो. आता आम्ही तिघं हेच बघत बसतो, लेक सगळ्यात आधी पकडते.

अजून एक गोष्ट, चित्राची. हे भाग बघताना असं वाटतं की हे आत्ता शेजारच्या खोलीत चाललंय, त्याच काळातला सिनेमा बघताना तसं वाटत नाही. याचं कारण सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, आणि इथल्या स्टुडिओतल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात सेकंदाला ५० वेळा हालचाल टिपली जायची, प्रत्येक वेळी चित्राच्या अर्ध्याच आडव्या ओळी, आधी विषम मग सम. ६२५ ओळींची ही पाल (PAL) नावाची प्रसारण पद्धत आपल्या दूरदर्शनचीही होती, म्हणून दूरदर्शनच्या स्टुडिओतला कार्यक्रम आणि रविवारचा सिनेमा यांच्यातला फरक आपल्याला लहानपणी आवाज बंद असताना पण कळायचा, नाव देता यायचं नाही एवढंच. नेटवर चढवलेल्या क्लिपमध्ये बरेचदा ५० चे २५ करून टाकतात आणि मग ती जिवंत हालचाल जाते. शक्य असेल तर टीव्हीवरच बघा, खरंच.

आवाजाशी केलेला आणखी एक खेळ. शेर (Cher) या अमेरिकन गायिकेचं बिलीव्ह हे गाणं १९९८ मध्ये इथे सात आठवडे एक नंबरला होतं, त्यातला तो तुटक तुटक धातूसारखा आवाज ऑटो-ट्यूनचा. हे सॉफ्टवेअर करणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीत लहरी पाठवून परत येणारे प्रतिध्वनी तपासायचं काम करायचा. लहर थोडी सरकवून तिच्याच स्वतःच्या प्रतीवर ठेवायची आणि कुठे जुळते ते बघायचं, हे त्यातलं गणित. हेच गळ्याच्या आवाजाला लावलं की किती वेळाने लहर परत तशीच येते ते कळतं, म्हणजे सूर कळतो, आणि मग तो जवळच्या शुद्ध स्वरावर ढकलायचा. हे ढकलणं सावकाश केलं तर कळत नाही, पण शेरच्या गाण्यात ते शून्य वेळात होतं, म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला रस्ताच गायब. आपल्या भाषेत सांगायचं तर मींड कापून टाकली. माझा जीव मींडेत अडकलेला, तरी त्या गाण्यात ते मला आवडतं, कारण तिथे ते लपवलेलं नाही, समोर मांडलेलं आहे.

आता मूळ प्रश्न, नवऱ्याचे डोळे ज्या गाण्याला भरून येतात त्याला माझे का येत नाहीत. माणसाला आयुष्यातल्या दहा ते तीस वयातल्या आठवणी जास्त आणि ठळक आठवतात, हा चढ बऱ्याच अभ्यासांत सापडलेला आहे. इंग्लंडमधल्या डरहम विद्यापीठातल्या केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये १९५० ते २०१५ या काळात चार्टवर आलेली १११ गाणी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना दाखवून विचारलं की कुठल्या गाण्याशी तुमच्या आयुष्यातली आठवण जोडलेली आहे, तर शिखर आलं चौदाव्या वर्षाच्या आसपास. चौदा! म्हणजे गाणं चांगलं की वाईट हे नंतर, आधी ते तुम्हाला कितव्या वर्षी भेटलं ते. या वयात पहिल्यांदा आपण कोण आहोत ते ठरत असतं, सगळं पहिल्यांदा होत असतं, आणि एकच गाणं शेकडो वेळा कानावर पडतं. पीटर जनाटा या संशोधकाने २००९ मध्ये दाखवलं की ओळखीचं गाणं आणि स्वतःची आठवण जिथे एकत्र येतात ती जागा कपाळामागे, मेंदूच्या मधल्या भागात आहे, आणि अल्झायमरमध्ये हा भाग बराच उशिरा खराब होतो. माझी आजी शेवटी कुणाला ओळखत नव्हती पण भावगीत लागलं की पुढची ओळ म्हणायची, ते मला तेव्हा चमत्कार वाटलं होतं.

आणि लेक? २०१३ मध्ये कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांना विशीतल्या मुलांमध्ये एक अनपेक्षित गोष्ट सापडली, त्यांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबरच आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही जवळची वाटत होती, आणि त्याच्याही मागे एक छोटा चढ होता, बहुधा आजीआजोबांचा. गाडीत लावलेलं गाणं असं खाली झिरपतं.

माझी वेळ फेब्रुवारी १९९८ च्या भागात आली. बँड कॉर्नरशॉप, गाणं ब्रिमफुल ऑफ आशा. इथल्याच पंजाबी मुलाने, तजिंदर सिंगने, आपल्या आशाबाईंवर केलेलं गाणं, १९९७ मध्ये जेमतेम साठाव्या नंबरपर्यंत गेलेलं, मग नॉर्मन कुक या डीजेने त्याचा वेग वाढवला, सूर वर चढवला आणि ते एक नंबरला गेलं. टेप किंवा तबकडी जोरात फिरवली की दोन्ही एकदम वाढतात, वेग साधारण ६ टक्के वाढला की पट्टी एका स्वराने, म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीवर जाते. आमच्या टू-इन-वनचे, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या पेटीचे, सेल उतरले की उलटं व्हायचं, आशाबाई हळू हळू पुरुषी व्हायच्या आणि बाबा सेल उन्हात ठेवायला पळायचे. गाण्यात त्या टू-इन-वनचा आणि ऑल इंडिया रेडिओचा उल्लेख आला तेव्हा मला एकदम आमच्या सांगलीच्या घरातली ती खिडकी, तिथे ओळीने ठेवलेले सेल, खालून येणारा गुळाचा वास, सगळं आलं, आणि यावेळी डोळे पुसणारी मी होते, नवरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला क्लिप पाठवली, ज्यांच्यावर गाणं आहे त्या तिच्याच जिल्ह्यातल्या गोवार गावात जन्मलेल्या. तिने फोन केला. म्हणाली, "बाकी काय म्हणतोय ते कळलं नाही गं, पण मध्ये आशा आशा करतोय ना, तेवढंच कापून पाठव." आणि मग मी काही बोलायच्या आत तिने फोनवरच आशाबाईंचं एक गाणं गुणगुणायला सुरुवात केली, ती नववीत होती तेव्हाचं. लेक माझ्या खांद्यावरून ऐकत होती. संध्याकाळी गृहपाठ करताना तीच चाल तिच्या तोंडात होती, शब्द एकही बरोबर नव्हता, पट्टी मात्र आजीचीच.