एनबीए पुरस्कारांच्या मतदानातील पक्षपात

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एनबीए, या व्यावसायिक लीगचे हंगामअखेरचे बहुतेक मोठे पुरस्कार क्रीडा पत्रकार आणि समालोचकांच्या मतांवर ठरतात. ज्यांच्याबद्दल वर्षभर लिहायचे-बोलायचे, त्यांच्यातूनच एकाला निवडायचे. त्यामुळे ओळखीपाळखी, आपल्या शहरातला संघ, जुने रागलोभ, वर्णाबद्दलचे समज, इतकेच काय, तेच ते नाव पुन्हा लिहिण्याचा कंटाळाही निकालात उतरतो, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. वाद सर्वांत जास्त रंगतो तो ‘सर्वाधिक मौल्यवान खेळाडू’ अर्थात एमव्हीपी या पुरस्कारावरून. त्याचे कारण नावातच आहे: ‘मौल्यवान’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या लीगने मतदारांना दिलेली नाही. सर्वोत्तम खेळाडू, की सर्वोत्तम संघाचा म्होरक्या, की ज्याच्यावाचून संघ कोसळेल असा माणूस? प्रत्येक मतदार आपल्या सोयीची फूटपट्टी उचलतो, आणि आवडनिवड निकष म्हणून मिरवू शकते.

हा पुरस्कार १९५५-५६ च्या हंगामापासून दिला जातो. पहिला मानकरी बॉब पेटिट. १९७९-८० पर्यंत मत खेळाडूच देत. तेव्हाचे निकालही निर्विवाद नव्हते. १९६१-६२ मध्ये विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले, हा विक्रम आजही अबाधित आहे. पुरस्कार मात्र बॉस्टनच्या बिल रसेलला मिळाला. रसेलचा संघ जिंकत होता हे खरेच. पण चेंबरलेन प्रतिस्पर्ध्यांचा लाडका नव्हता, असेही म्हटले जाते. १९८०-८१ पासून मतदान माध्यमांकडे आले.

प्रत्येक मतदार पाच नावे क्रमाने लिहितो आणि त्यांना अनुक्रमे १०, ७, ५, ३ व १ गुण मिळतात. त्यामुळे सर्वाधिक पहिली पसंती मिळवणारा हरूही शकतो. १९९० मध्ये चार्ल्स बार्कलीला ३८ जणांनी पहिला क्रमांक दिला होता, मॅजिक जॉन्सनला २७ जणांनी. एकूण गुणांत जॉन्सन पुढे गेला. म्हणजे एखाद्याला पहिला न ठरवणे एवढ्याने भागत नाही. त्याला चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ढकलणे किंवा यादीतून वगळणेही तितकेच परिणामकारक असते.

एकट्यादुकट्याच्या मताची सर्वांत गाजलेली उदाहरणे दोन. २००० मध्ये शकील ओ’नीलला १२१ पैकी १२० पहिल्या पसंती मिळाल्या. उरलेले एक मत सीएनएनच्या फ्रेड हिकमन यांनी ॲलन आयव्हर्सनला दिले होते. हिकमन यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढच्याच वर्षी आयव्हर्सन स्वतः एमव्हीपी झाला. २०१३ मध्ये अगदी हाच आकडा पुन्हा आला: लेब्रॉन जेम्सला १२१ पैकी १२०. या वेळी वेगळे मत देणारे होते ‘बॉस्टन ग्लोब’चे गॅरी वॉशबर्न. त्यांनी न्यू यॉर्क निक्सच्या कार्मेलो अँथनीला पसंती दिली आणि कारणही छापून सांगितले: पुरस्कार सर्वोत्तम खेळाडूचा नसून सर्वांत मौल्यवान खेळाडूचा आहे, आणि अँथनीशिवाय निक्सचे काही खरे नव्हते. पटो न पटो, युक्तिवाद पुरस्काराच्या नावाला धरूनच होता. याला पक्षपात म्हणावे, तर उरलेल्या १२० जणांनी कोणती व्याख्या वापरली हेही विचारावे लागेल. पहिला एकमुखी कौल २०१६ मध्ये स्टीफन करीला मिळाला, १३१ पैकी १३१.

‘मतदारांचा कंटाळा’ ही संज्ञा हा पुरस्कार अनेकदा मिळवलेल्या मायकल जॉर्डनच्या संदर्भात हमखास निघते. १९९६-९७ मध्ये त्याच्या शिकागो बुल्सने ६९ सामने जिंकले, तरी पुरस्कार यूटाच्या कार्ल मलोनकडे गेला.

वर्णाचा मुद्दा उघडपणे निघाला तो २००५ मध्ये. कॅनडाचा गोरा खेळाडू स्टीव्ह नॅश याने ओ’नीलला १०६६ विरुद्ध १०३२ अशा निसटत्या फरकाने मागे टाकले. मायामीचे स्तंभलेखक डॅन ले बटार्ड यांनी यामागे वर्ण तर नाही ना, असा जाहीर प्रश्न केला. नॅशच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ होते: आदल्या हंगामात २९ विजय मिळवणारा फीनिक्सचा संघ तो आल्यावर ६२ वर पोहोचला. २०२३ मध्ये सर्बियाचा गोरा खेळाडू निकोला योकिच याच्या निमित्ताने हाच वाद ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवर केंड्रिक पर्किन्स आणि जे. जे. रेडिक या माजी खेळाडूंमध्ये थेट कार्यक्रमात पेटला. त्या वर्षी योकिचचा प्रतिस्पर्धी जोएल एम्बीड १०० पैकी ७३ पहिल्या पसंतींसह जिंकला. समालोचक मार्क जॅक्सन यांच्या पाच नावांत योकिच नव्हताच. ती चूक होती असे सांगून त्यांनी नंतर माफी मागितली.

मतांना आता पैशांचेही वजन आहे. एमव्हीपी किंवा हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ‘ऑल-एनबीए’ या मानाच्या संघातले स्थान यांवर काही खेळाडूंची कमाल वेतनमर्यादा ठरते. २०२१ मध्ये बॉस्टनचा जेसन टेटम त्या संघात न आल्याने त्याच्या कराराची रक्कम सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरने कमी राहिली. ज्याची मुलाखत घ्यायची त्याचा पगार ठरवायचा, ही अडचण अनेक पत्रकारांनीच बोलून दाखवली आहे. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ आपल्या बातमीदारांना असे मतदान करू देत नाहीत.

लीगने केलेल्या सुधारणा प्रामुख्याने तीन. २०१३-१४ पासून कोणी कोणाला मत दिले हे जाहीर होते. त्याने लहरी मतांना चाप बसला, पण चारचौघांपेक्षा वेगळे लिहिण्याची भीडही वाढली असावी. २०१६-१७ पासून संघांच्या पगारी समालोचकांना मतदानातून वगळले गेले. २०२३-२४ पासून प्रमुख पुरस्कारांसाठी साधारणपणे किमान ६५ सामने खेळणे बंधनकारक झाले. त्या हंगामात गतविजेता एम्बीड ३९ सामनेच खेळू शकला, तेव्हा त्याचे नाव मतपत्रिकेवर लिहायची सोयच उरली नाही.