पोकलेनची चेन घट्ट, म्हणून टिकाऊ? उलट आहे!

उलवे-पनवेलच्या साइटवर हमखास ऐकू येतं: चेन तंग ठेवा, उतरत नाही आणि जास्त चालते. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. फार ढिली चेन वळताना उतरते, हे बरोबर. पण तंग चेनमध्ये पिन-बुश (चेनचे सांधे), स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि आयडलर (दुसऱ्या टोकाचं बिनदाती चाक) सतत दाबाखाली घासतात, शिवाय डिझेलही जास्त जातं.

पावसाळ्यात खाडीकाठच्या चिखलात हे आणखी बिघडतं. चिखल स्प्रॉकेटच्या दातांत आणि चेनमध्ये भरला की चेन आपोआप आवळते. म्हणून ताण मोजायचा तो त्याच जागेवर, त्याच चिखलात. कोरड्या यार्डातलं माप इथे चालत नाही.

मोजायची पद्धत: मशीन सपाट जागी आयडलरच्या दिशेने हळू पुढे न्या, ब्रेक न मारता थांबू द्या. वरच्या बाजूला आयडलर आणि कॅरियर रोलर (वरची चेन पेलणारा छोटा रोलर) यांच्या मध्ये सरळ पट्टी ठेवून झोळ, म्हणजे चेन पट्टीखाली किती लोंबते ते, मोजा. 20 टनी मशीनला तो साधारण 40 ते 55 मिमी असतो. आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघाच. ढिली असेल तर चेन ताणणाऱ्या सिलिंडरमध्ये ग्रीस गनने ग्रीस भरा. तंग असेल तर त्याच सिलिंडरचा ग्रीस सोडायचा व्हॉल्व्ह सावकाश, फार तर एक फेरा उघडा. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, कातडीत घुसतं. तोंड समोर नेऊ नका.

आणि लांब अंतर रिव्हर्समध्ये कापू नका, त्यात बुश लवकर झिजतात.