पाण्याला टिकणारा फोन आणि पडून टिकणारा फोन

ह्यांची नोकरी वायरमनची. आमचं गाव गगनबावड्याच्या बाजूला. जूनमध्ये लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत उघडत नाही आणि लाईनवर सगळ्यात जास्त फॉल्टही नेमके त्याच चार महिन्यांत होतात. कुठे फांदी तारेवर आली, कुठे डीपीचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाला, कुठे पोल वाकला. रात्री दोनला फोन वाजतो आणि हे रेनकोट चढवून निघतात. सबस्टेशनच्या ऑपरेटरशी बोलून फीडर, म्हणजे सबस्टेशनातून येणारी ती लाईन, बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय हे पोलला हात लावत नाहीत. तो फोन ऐन वेळी बंद पडला तर, हा विचार पावसाळाभर माझी पाठ सोडत नाही.

म्हणून मी दूध संस्थेच्या पगारातून बाजूला ठेवलेल्या पैशांतून ह्यांना तेवीस हजारांचा फोन घेतला. दुकानदाराने खोक्यावरचं ‘आयपी६८’ दाखवलं आणि म्हणाला, “वहिनी, वॉटरप्रूफ आहे, एकदम दणकट.” वॉटरप्रूफ आणि दणकट हे मी एकच समजले. सगळी चूक तिथेच झाली.

ऑगस्टमध्ये तो फोन ह्यांच्या शर्टाच्या खिशातून निसटून डीपीखालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर पडला. उंची फार नाही, छातीएवढी. पडला तो नेमका कोपऱ्यावर. स्क्रीनच्या कडेला केसाएवढी चीर गेली, पण फोन चालू होता, टच चालत होता, म्हणून आम्ही तसाच वापरला. पुढचे तीन आठवडे पाऊस कोसळत होता. एके दिवशी कॅमेऱ्याच्या काचेला आतून धुकं धरलं, दुसऱ्या दिवशी आवाज घोगरा झाला, आणि आठवडा संपायच्या आत फोन गेला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने सिमचा ट्रे काढून आतली बारीकशी पट्टी मला दाखवली. पांढरी असायला हवी होती, ती लालसर झाली होती. “आत ओल गेलीय. वॉरंटीत बसत नाही.”

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, “अगं, पाण्याला चालतो म्हणाली होतीस न्हवं?” चालत होता. पडेपर्यंत चालत होता. हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगता येतं.

खोक्यावरच्या आयपीचा अर्थ ह्यांनीच मला अर्धा समजावला, कारण हा आकडा त्यांच्या रोजच्या पाहण्यातला निघाला. मीटरच्या पेटीवर, फीडरच्या बॉक्सवर आयपी लिहिलेलं असतं. ही मोजणी मुळात विजेच्या उपकरणांच्या पेट्यांसाठीच आहे. आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनचं ६०५२९ क्रमांकाचं हे मानक १९७६ सालचं, म्हणजे मोबाईलच्या कितीतरी आधीचं. पेटीच्या आत बाहेरचं काय काय शिरू शकतं, एवढाच प्रश्न ते विचारते. पहिला आकडा घन वस्तूंचा आणि धुळीचा, शून्य ते सहा. दुसरा पाण्याचा, शून्य ते नऊ.

धुळीचा पाच म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी काम अडत नाही, सहा म्हणजे धूळ आत जातच नाही. पाण्यात मात्र पायऱ्या जास्त आहेत. चार म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे. पाच म्हणजे साधारण सव्वासहा मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. आठ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीने स्वतः सांगायचं. त्यामुळे दोन फोनांवर तेच ‘आयपी६८’ असलं तरी एक दीड मीटरला तपासलेला असतो, दुसरा सहा मीटरला. नऊ म्हणजे जवळून जोरात मारलेलं ऐंशी अंश तापमानाचं गरम पाणी.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सात-आठ हे बुडण्याचे आकडे, पाच-सहा हे फवाऱ्याचे. बुडण्याची परीक्षा पास झालेला फोन फवाऱ्याचीही पास झालाच असं नसतं, ती वेगळी द्यावी लागते. म्हणून काही कंपन्या दोन-तीन आकडे शेजारी शेजारी छापतात. ओप्पोने २०२४ च्या जूनमध्ये भारतात आणलेल्या एफ२७ प्रो प्लसवर ६६, ६८ आणि ६९ असे तिन्ही आहेत, ते याच कारणाने. आमच्याकडचा वाऱ्याबरोबर आडवा मारणारा पाऊस शांत बादलीपेक्षा फवाऱ्याच्या जवळचा. तळ्यात बुडणं ह्यांच्या कामात येत नाही, तोंडावर झोड येणं रोजचं आहे. तेव्हा आमच्यासाठी ६८ पेक्षा ६५ किंवा ६६ जास्त कामाचा होता, आणि तो त्या खोक्यावर नव्हताच.

बरं, ही सगळी परीक्षा नव्या कोऱ्या फोनवर, साध्या गोड्या पाण्यात. साबणाचं पाणी, खारं पाणी, घाम, चहा यांचा हिशेब त्यात नाही. ऑस्ट्रेलियात २०२२ साली तिथल्या न्यायालयाने सॅमसंगला १४ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावला, तो याच मुद्द्यावर. जाहिरातींत फोन समुद्रात आणि पोहण्याच्या तलावात वापरताना दाखवले होते, पण तसं भिजल्यावर चार्जिंगचं भोक गंजण्याचा धोका होता. त्याआधी २०२० मध्ये इटलीत ॲपललाही पाण्याच्या दाव्यांवरून एक कोटी युरोचा दंड झाला होता, आणि त्यात एक आक्षेप असा होता की पाण्याला टिकतो अशी जाहिरात करायची आणि पाणी गेलं की वॉरंटी नाकारायची. ती बातमी वाचताना मला सिमच्या ट्रेमागची ती लालसर पट्टी आठवली.

आता दुसरी गोष्ट. ‘मिलिटरी ग्रेड’ असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली बारीक ‘मिल-एसटीडी-८१०एच’. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचण्यांचं पुस्तक आहे. पहिलं १९६२ चं, आत्ताची एच आवृत्ती २०१९ ची. सैन्याला पुरवायचं सामान उन्हात, थंडीत, कंपनात, खारट हवेत, वाळूत, पावसात आणि आदळआपटीत टिकतं का हे कसं तपासायचं, ते त्यात दिलंय. अशा दोन डझनांहून जास्त चाचण्या आहेत आणि त्यांत पावसाची आणि बुडवण्याचीही आहे. घोळ होतो तो इथेच. ‘मिलिटरी’ वाचलं की वाटतं पाणी, धूळ, पडणं सगळं त्यात आलं. पण कंपनी त्यातल्या हव्या तेवढ्याच चाचण्या निवडते. सैन्य फोन तपासून शिक्का मारत नाही. चाचणी कंपनी स्वतः करते किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून करून घेते. फोन घेताना ‘८१०एच’ बघून थांबू नका, त्यातली पडण्याची चाचणी केली आहे का ते विचारा. कंपनीच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

ती पडण्याची चाचणी समजून घेण्यासारखी आहे. उंची १२२ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट, साधारण शर्टाच्या खिशाएवढी. सव्वीस वेळा पाडायचं: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. हे सव्वीस आकडे मी घरातल्या काडेपेटीवर बोट ठेवून मोजले तेव्हा पटलं, की पडायच्या सगळ्या तऱ्हा खरंच यात येतात. पण बारकावेही आहेत. हे सव्वीस आपटे जास्तीत जास्त पाच नगांत वाटून घ्यायची मुभा आहे, म्हणजे एकाच फोनने सगळे सोसलेले असतीलच असं नाही. आणि एचच्या आधीच्या, २००८ च्या ‘जी’ आवृत्तीत फोन पडतो तो काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंच जाडीच्या प्लायवूडवर. डीपीचा कट्टा प्लायवूडचा नसतो.

आणि पोलवरून? आठ मीटरचा पोल सहावा हिस्सा जमिनीत असतो, वर साडेसहा-पावणेसात मीटर उरतो. खिशाच्या उंचीवरून फोन जमिनीवर येतो ताशी साधारण सतरा-अठरा किलोमीटर वेगाने, साडेसहा मीटरवरून येतो चाळीसच्या पुढे. आपटण्याची ऊर्जा पाचपटीहून जास्त. कुठलाही सरकारी किंवा लष्करी आकडा त्या उंचीचं वचन देत नाही. म्हणून ह्यांच्याशी मी आता भांडून नियम केलाय: पोलवर चढताना फोन वर न्यायचा नाही. सबस्टेशनशी बोलणं खालीच पुरं करायचं, फोन पिशवीत हेल्परजवळ ठेवायचा, मग शिडी.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मुख्य मुद्दा दिसतो. पाणी अडतं ते रबरी कड्यांमुळे आणि स्क्रीनच्या चारी बाजूंनी लावलेल्या गोंदाच्या बारीक पट्टीमुळे. सिमच्या ट्रेलाही तसंच एक रबरी कडं असतं. फोन पडला की काच फुटो न फुटो, चौकट किंचित मुरडू शकते आणि गोंद एखाद्या ठिकाणी सुटू शकतो. बाहेरून काही दिसत नाही. खोक्यावरचा ६८ मात्र तसाच छापलेला राहतो. म्हणजे फोन पडला की पाण्याचा भरवसा संपला. उलट पाण्याचा कितीही वरचा आकडा पडण्यापासून एका पैशाचाही बचाव करत नाही. वापरून वापरून, उन्हात तापून तो गोंदही म्हातारा होतो. आणि स्क्रीन बाजारात बदलून घेतली तर नव्या पट्टीचा गोंद कंपनीसारखा बसेलच असं नाही. आमच्या गावच्या मोबाईलवाल्याने मला हे प्रामाणिकपणे सांगितलं: “ताई, मी उघडलेला फोन पाण्यात नेऊ नका.”

यावरून माझं मत झालंय की ज्याचं काम उभ्याने, हात गुंतलेले ठेवून, सिमेंट-दगडावर चालतं त्याच्यासाठी आधी पडण्याचं बघावं आणि पाण्याचं मागून. पाण्यासाठी शिंतोड्यांपुरतं असलं तरी भागतं, कारण बाकीचं काम एक प्लास्टिकची पिशवी करते. पडण्याला पिशवी उपयोगाची नाही.

काचेचंही थोडं सांगते. ‘गोरिला ग्लास’ लिहिलं की लोकांना वाटतं फुटणार नाही. चरा पडणं आणि तडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक सुधारायला गेलं की दुसरी अवघड होते. खनिजांच्या कठीणपणाच्या दहाच्या मोजणीत फोनची काच सहाच्या आसपास, आणि वाळूतला गारगोटीचा कण सात. म्हणून खिशात किल्ल्या असल्याने तितकं बिघडत नाही जितकं ओढ्यातली रेती खिशात असल्याने बिघडतं. टेम्पर्ड ग्लास लावा, आणि कव्हर असं घ्या की त्याची कड स्क्रीनच्या वर आलेली असेल आणि कोपरे फुगीर असतील. साडेतीनशे-चारशे रुपयांचं कव्हर कोपऱ्यावरचा आपटा झेलतं. आमचा फोन कोपऱ्यावरच पडला होता, आणि त्याला खोक्यात आलेलं पातळ, पारदर्शक कव्हर होतं.

दोन्ही एकत्र देणारे फोन मिळतात. सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सकव्हर ७ भारतात २०२४ मध्ये आला. त्यात आयपी६८ आहे, ८१०एच आहे, आणि बॅटरी मागचं झाकण उघडून हाताने काढता येते. बाजूला एक जादा बटण आहे, त्यावर टॉर्च लावून ठेवता येतो. मला तो फार आवडला, कारण रात्रीच्या फॉल्टला ह्यांना सगळ्यात आधी लागतो टॉर्च, आणि स्क्रीन ओली असताना बोटाने काही चालत नाही. पण त्याची किंमत सत्तावीस हजारांच्या आसपास होती आणि तालुक्याच्या दुकानात तो ठेवत नाहीत. नुसत्या ‘रगेड’ नावाने विकले जाणारे जाडजूड फोनही पाहिले. हातात घेतले तर विटेसारखे, शर्टाच्या खिशात मावेनात, आणि बिघडले तर सुटे भाग कुठे मिळणार हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. ते सोडले.

शेवटी घेतला तो सतरा हजारांचा. आयपी६४ आहे, ८१०एच आहे आणि पडण्याची चाचणी केल्याचं कंपनीने स्पष्ट लिहिलंय. हातमोजे घालून टच चालण्याची सेटिंग त्यात आहे, ती मी पहिल्याच दिवशी चालू केली. पहिल्या स्क्रीनवर फक्त पाच चौकोन ठेवले: फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, टॉर्च आणि नकाशा. पॉवरचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो, कारण जळलेल्या फ्यूजचा फोटो कार्यालयाच्या ग्रुपवर लगेच टाकावा लागतो. बाकीची सगळी ॲप मागच्या पानावर. ह्यांना आता काही शोधावं लागत नाही.

भिजून आले की फोन मी लगेच चार्जिंगला लावू देत नाही. आधी मऊ कपड्याने पुसायचा, चार्जिंगचं भोक खाली करून तळहातावर दोन-चार वेळा हलकेच आपटायचा, आणि पंख्याखाली ठेवायचा. तांदळात ठेवत नाही, त्याची पूड भोकात जाऊन बसते. दर महिन्याच्या एक तारखेला सिमचा ट्रे काढून ते रबरी कडं नखाने चाचपते, कुठे सुटलंय का, माती बसलीय का. परवा त्याला ओल्या मातीचा एक कण चिकटलेला निघाला. काडीला कापूस गुंडाळून तो काढला, ट्रे परत बसवला, आणि फोन ह्यांच्या हातात दिला. बाहेर पाऊस सुरूच होता आणि हे रेनकोटची गुंडी लावत होते.