बाहेरचा बल्ब सारखा उडतोय: होल्डर लूज आहे की दिवा आतून तापतोय?

बाहेरचा बल्ब दोन-तीन महिन्यांत गेला की आपण बल्ब बनवणाऱ्याला नावं ठेवतो. दुसराही गेला की व्होल्टेजवर खापर फोडतो. पण व्होल्टेज जास्त असतं तर घरातलेही बल्ब पटापट गेले असते. एकाच जागचा बल्ब सारखा जात असेल, तर बहुतेक वेळा दोनांपैकी एक कारण निघतं: होल्डरमधलं लूज कनेक्शन, नाहीतर बंद काचेत कोंडलेली उष्णता. दोन्हींत बल्ब लुकलुकतो, दोन्हींत बूड काळपटतं, त्यामुळे गफलत ठरलेलीच.

गेलेला बल्ब फेकू नका, त्याचं बूड उजेडात धरून बघा. टोकावरच्या शिशाच्या ठिपक्यात खड्डा पडलाय, काळा डाग तेवढ्याच जागी आहे? मग लूज कनेक्शन. तिथे बारीक ठिणग्या पडत असतात. वीज तुटते, जुळते, आणि दर खेपेला बल्बला झटका बसतो. वाऱ्याने दिवा हलला, दार आपटलं की लुकलुकणं ही याचीच खूण. आट्यांच्या होल्डरमध्ये हा उद्योग बऱ्याचदा आपलाच असतो. बल्ब कचकचून पिळला की तळातली पितळी पट्टी चपटी होते, आणि पुढचा बल्ब तिला धड टेकतच नाही. पिनवाल्या होल्डरमध्ये स्प्रिंग मेलेली असते. त्यात बाहेरच्या दमट हवेने पितळेवर हिरवट थर चढतो, की ती जागा आणखी तापते.

उष्णतेचा डाग वेगळा. टोक स्वच्छ, पण बुडाचं पांढरं प्लास्टिक सगळीकडून पिवळं-तपकिरी झालेलं. लावल्यावर असा बल्ब ठणठणीत असतो, तासाभराने लुकलुकतो किंवा विझतो, आणि थंड झाला की पुन्हा लागतो. हे दुखणं एलईडीचं. जुन्या बल्बची तारच २००० अंशांच्या वर तापलेली असायची, तिला बंद काचेचं काय कौतुक! एलईडीच्या बुडात मात्र ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारं सर्किट असतं आणि बहुतेकदा त्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा डबीसारखा भाग. तापमान १० अंश सेल्सियसने वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. बल्ब उलटा टांगलेला असेल तर गरम हवा नेमकी वर, बुडापाशीच साठते. पावसाचं पाणी आत येऊ न देणारं रबर उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. आणि दिव्यावर ‘कमाल ६० वॅट’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. दिवा किती सोसेल एवढंच ते सांगतं, आतल्या एलईडीचं काय होईल ते नाही.

उष्णतेवर उपाय सोपा: कमी वॅटचा, बंद दिव्यात चालेल असं खोक्यावर लिहिलेला बल्ब. होल्डरला हात लावण्याआधी मात्र एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला त्या लाइनचा खटका) पाडा आणि टेस्टरने तपासा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तोडतं, फेज (शॉक देणारी तार) होल्डरमध्ये तसाच राहतो. पट्टी नुसती दबली असेल तर कोरड्या लाकडी काडीने किंचित वर उचला. जळलेली असेल तर घासत बसू नका, होल्डरच बदला, शक्यतो चिनी मातीचा.

घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि त्याच वेळी दुसरे मंद होत असतील, तर दोष या दिव्यात नाही. न्यूट्रल सुटत आलेला असू शकतो. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.