चेक इंजिनच्या दिव्यामागे काय आहे : ऑक्सिजन सेन्सर आपल्या गाडीत कसा आला

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, पण गाडी नेहमीसारखीच चालत असते. पिकअप ठीक, ॲव्हरेज ठीक, आवाज काही नाही. मग बहुतेक घरांत एकच निर्णय होतो : पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर हीच माणसं गाडी लगेच बाजूला घेतात, कारण तो दिवा इंजिन वाचवायला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. चेक इंजिनचा दिवा कायद्याने सक्तीचा झाला, तोही मुख्यतः सायलेन्सरमधून जे बाहेर पडतं त्यावर लक्ष ठेवायला. तो लागला की गाडीच्या मालकाआधी मागून चालणाऱ्याचं आणि शेजारच्या इमारतीतल्या मुलांचं नुकसान सुरू झालेलं असतं.

या गोष्टीची सुरुवात लॉस एंजेलिसमध्ये झाली. जुलै १९४३ मध्ये तिथे एके दिवशी डोळे चुरचुरायला लावणारं दाट धुकं शहरावर उतरलं. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे शत्रूने वायुहल्ला केला की काय अशी भीती पसरली. पुढे रबराच्या एका कारखान्यावर ठपका ठेवला गेला, तो बंद करून पाहिला, तरी धुकं येतच राहिलं. खरं कारण शोधलं कॅलटेक या विद्यापीठातल्या आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. ते तोवर अननसाच्या स्वादावर काम करत होते. मोटारींच्या धुरातले अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो आणि त्यातूनच हे धुकं बनतं, हे त्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. वाहन उद्योगाला ते बरीच वर्षं मान्य नव्हतं.

धूर स्वच्छ करायचं साधन सापडायला फार वेळ लागला नाही. यूजीन हुड्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत त्याच दशकात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर काम केलं. प्लॅटिनमसारख्या धातूचा पातळ थर, त्यावरून गरम धूर गेला की विषारी वायूंची रासायनिक मोडतोड होते. अडचण पेट्रोलची होती. इंजिनात ठोका येऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं जायचं आणि ते शिसं त्या थरावर बसून तो निकामी करायचं. म्हणून अमेरिकेच्या १९७० च्या क्लीन एअर ॲक्टने प्रदूषण ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं, तेव्हा कन्व्हर्टर आणि बिनशिशाचं पेट्रोल यांना एकत्रच यावं लागलं. १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर सर्रास दिसू लागले.

पण ते कन्व्हर्टर अर्धंच काम करत होते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा मात्र ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. एकाच डब्यात ही दोन्ही कामं व्हायची तर इंजिनात हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अगदी नेमकं हवं : एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. या प्रमाणाला अभियंते लॅम्डा एक म्हणतात. थोडं इकडे किंवा तिकडे सरकलं की तीनपैकी एक तरी वायू तसाच बाहेर जातो. तेव्हा हवा आणि पेट्रोल मिसळायचं काम करणाऱ्या कार्ब्युरेटरला हे नेमकेपण कधीच जमलं नसतं. स्क्रू फिरवून केलेलं ट्यूनिंग सकाळच्या थंड हवेत वेगळं, घाटात वेगळं. धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे क्षणाक्षणाला मोजून इंजिनाला कळवणारं काहीतरी हवं होतं.

ते मोजण्याची युक्ती जर्मनीत कित्येक दशकं पडून होती. वाल्टर नर्न्स्ट यांनी १८९७ च्या सुमारास विजेचा एक दिवा बनवला होता. त्यात तारेऐवजी झिर्कोनिया आणि यट्रिया यांच्या मिश्रणाची चिनीमातीसारखी कांडी होती. ही कांडी थंड असताना वीज वाहू देत नाही. तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. बॉश या जर्मन कंपनीच्या अभियंत्यांनी त्याच पदार्थाचं छोटं टोपण बनवलं, आतबाहेर प्लॅटिनमचा मुलामा दिला, आतल्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा ठेवली आणि बाहेरची बाजू धुरात धरली. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका विजेचा दाब. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. १९७६ मध्ये हा लॅम्डा सेन्सर, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर, व्हॉल्वोच्या २४० मालिकेतल्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत पहिल्यांदा आला. सेन्सर सांगणार, कॉम्प्युटर इंजेक्टरचं पेट्रोल कमीजास्त करणार, सेन्सर पुन्हा तपासणार, असं चक्र पूर्ण झालं आणि तिन्ही वायू एकत्र आटोक्यात आणणारा कन्व्हर्टर खऱ्या अर्थाने कामाला लागला. मोटारींच्या इतिहासात सीटबेल्टनंतर इतकी माणसं वाचवणारा दुसरा कोणता भाग असेल, तर माझ्या मते हाच.

नर्न्स्टच्या कांडीचा एक गुण सेन्सरमध्ये तसाच उतरला : सुमारे ३०० अंशांच्या खाली तो आंधळा असतो. म्हणून १९८२ पासून त्याच्या पोटात छोटा हीटर आला, म्हणजे गाडी सुरू झाल्यावर तो लवकर शुद्धीवर येतो. आज गॅरेजमध्ये 'सेन्सर गेला' म्हणतात, तेव्हा अनेकदा सेन्सर शाबूत असतो आणि हा हीटर किंवा त्याची वायर गेलेली असते. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१३५ असा कोड आला तर तो पहिल्या सेन्सरच्या हीटर सर्किटबद्दल बोलतोय. तेव्हा आधी त्याचा फ्यूज पाहायचा. नव्या सेन्सरच्या किमतीपुढे फ्यूजची किंमत काहीच नाही.

दिवा सक्तीचा झाला तो कॅलिफोर्नियामुळे. तिथल्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी असा नियम केला. पुढे लक्षात आलं की कन्व्हर्टर मेला तरी गाडी छान चालते आणि कुणालाच पत्ता लागत नाही. मग दुसऱ्या पिढीच्या नियमाने, जो १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला, कन्व्हर्टरच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर आणला. स्टिअरिंगखालचा सोळा पिनांचा सॉकेट आणि सगळ्या कंपन्यांचे सारखे कोडही तेव्हाचेच.

आपल्याकडे हे सगळं तुकड्यातुकड्याने आणि बरंचसं न्यायालयाच्या रेट्याने आलं. पेट्रोल गाड्यांसाठी धुराच्या पहिल्या मर्यादा १९९१ मध्ये आल्या. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याबरोबर बिनशिशाचं पेट्रोलही आलं. त्यांतल्या बऱ्याच गाड्या अजून कार्ब्युरेटरवरच चालत होत्या, म्हणजे डबा होता पण त्याला प्रमाण सांगणारं कुणी नव्हतं. शिवाय महानगराबाहेर बिनशिशाचं पेट्रोल सगळीकडे मिळेलच असं नव्हतं. देशभरातून शिसं हद्दपार झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. त्याआधी, एप्रिल १९९९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो-१ आणि वर्षभरात युरो-२ या धुराच्या मर्यादांचा आदेश दिला होता. कार्ब्युरेटर जाऊन 'एमपीएफआय' (मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणं) अशी चिकटपट्टी मागच्या काचेवर मिरवणाऱ्या गाड्या आठवत असतील तर तो हाच काळ. ऑक्सिजन सेन्सर मध्यमवर्गीय घरात आला तो त्या चार अक्षरांमागे लपून. मुंबईत त्याच सुमारास धुराने त्रासलेल्या रहिवाशांची याचिका उच्च न्यायालयात चालू होती आणि तिच्यातून काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर जायला चालना मिळाली.

बीएस-४, म्हणजे धुराच्या मर्यादांचा 'भारत स्टेज' चौथा टप्पा, एप्रिल २०१० मध्ये आधी निवडक शहरांत आला. आपल्या राज्यातून मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूर त्या यादीत होतं. देशभर तो एप्रिल २०१७ मध्ये पोहोचला. गाडीने स्वतःची तपासणी करायचा पहिला टप्पा २०१० पासून आणि कन्व्हर्टरवर नजर ठेवणारा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून. नंतर बीएस-५ वगळून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६ आला आणि इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर उतरलं. या सगळ्या चाचण्यांचं मोठं केंद्र पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, एआरएआय, १९६६ पासून.

या तारखा मी मुद्दाम दिल्या, कारण गाडी कोणत्या सालची यावरून तिच्या पोटात काय आहे याचा बराच अंदाज येतो. २००५ च्या गाडीत बहुधा एकच ऑक्सिजन सेन्सर असेल. २०१३ नंतरच्या पेट्रोल गाडीत दोन. बीएस-६ मध्ये पुढचा सेन्सर अनेकदा वाइडबँड प्रकारचा, म्हणजे प्रमाण नेमकं किती सरकलंय तेही मोजणारा, असतो आणि त्याचे आकडे जुन्या ०.१ ते ०.९ च्या हिशेबात बसत नाहीत. डिझेल गाडी असेल तर प्रकरणच वेगळं : काजळी पकडणारा फिल्टर, त्याच्या दोन बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर, तापमानाचे सेन्सर. ज्यांची डिझेल गाडी रोज घर ते शाळा एवढंच फिरते त्यांनी ती अधूनमधून हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात चालवावी. तो फिल्टर साफ व्हायला तेवढी उष्णता लागतेच.

दोन सेन्सर असलेल्या जुन्या पद्धतीच्या पेट्रोल गाडीला साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून इंजिन गरम झाल्यावर पाहा. पुढच्या सेन्सरची रेघ सारखी वरखाली उड्या मारताना दिसेल, सेकंदाला एखादी किंवा जास्तही. तो तसाच असायला हवा, कॉम्प्युटर त्याच्या मदतीने प्रमाण सतत सावरतोय. मागची रेघ मात्र ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सरळ चालते, कारण कन्व्हर्टर मधल्या चढउतारातला ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. मागची रेघही पुढच्यासारखी नाचू लागली की कन्व्हर्टर थकला, आणि गाडी पी०४२० कोड देते. हा कोड पाहून मागचा सेन्सर बदलणं हा आपल्याकडे सर्रास होणारा खर्च आहे. खरं सांगणाऱ्यालाच आपण काढून टाकतो, आणि थोड्या दिवसांत दिवा परत लागतो. त्याआधी सायलेन्सरचा जोड गळतोय का हे पाहायला हवं. गळतीतून बाहेरची हवा आत आली तरी सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो.

काढलेला सेन्सर टाकून देण्याआधी त्याचं टोक उजेडात धरा. स्पार्क प्लगएवढा दिसणारा, टोकाला भोकं किंवा फटी असलेली स्टीलची टोपी. त्यावर कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय. पांढरट चकचकीत थर असेल तर बहुधा सिलिकॉनचं सीलंट किंवा कूलंट आत जळालंय. राखेसारखा करडा-तपकिरी थर इंजिन ऑइल जळत असल्याचं सांगतो. या तिन्ही बाबतींत मूळ दोष दुसरीकडे आहे आणि तो तसाच ठेवून बसवलेला नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. म्हणून सेन्सरची निगा म्हणजे खरं तर आजूबाजूची निगा : ऑइल वेळेवर बदलणं, कूलंट कमी होत असेल तर तेवढ्यावर समाधान न मानता कुठे जातंय ते शोधणं, गाडी मिसिंग करत असेल (म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल पेटत नसेल) तर प्लग आणि कॉइल लगेच बघणं. दिवा लागून न राहता लुकलुकत असेल तर मिसिंगमुळे न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतोय. तेव्हा वेग कमी करून जवळचं गॅरेज गाठावं.

सेन्सर पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने धुऊ नये. त्याच्या कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे मारू नये, कारण अनेक सेन्सर तुलनेची स्वच्छ हवा वायरच्या वाटेनेच आत घेतात. नवा बसवताना आट्यांना लावायचा लेप टोकाला लागू देऊ नये. पावसाळ्यात उंदीर वायर कुरतडतात आणि कोकणात खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, तेव्हा सेन्सरवर शिक्का मारण्याआधी वायर हाताने चाचपून पाहावी. हीटर असलेला चांगला सेन्सर लाख-दीड लाख किलोमीटर सहज टिकतो. जुन्या, बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये सेन्सरचा खोटा सिग्नल देणारी छोटी सर्किटं असत. अशी गाडी विकत घेतली असेल तर ते सर्किट आहे का, हे वायरिंग कळणाऱ्याकडून तपासून घ्यावं.

पीयूसीचा कागद याची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. जुन्या पेट्रोल गाड्यांना ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालत असे, बीएस-२ आणि ३ च्या गाड्यांना ०.५, बीएस-४ पासून ०.३ टक्के आणि २०० पीपीएम हायड्रोकार्बन. मर्यादा घट्ट झाल्या हे चांगलंच आहे. पण पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडं मोजलीच जात नाहीत आणि गाडी जागेवर उभी असते. गाडीतला सेन्सर घाटातही मोजतो, सिग्नलवरही मोजतो. दिवा लागलेल्या गाडीला प्रमाणपत्र मिळालं म्हणून निश्चिंत होणारी माणसं दिसतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यांना फसवायचं नसतं, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं आहे. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे १४.७ चं प्रमाण २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ वर येतं. सेन्सरला हा आकडा माहीत असण्याची गरज नाही. तो उरलेला ऑक्सिजन पाहतो, आणि कॉम्प्युटर तेवढं जास्त इंधन सोडून लॅम्डा एकवर परत येतो. ज्या गाडीचा सेन्सर म्हातारा आणि मंद झालाय तिला ही दुरुस्ती नीट जमत नाही. कॉम्प्युटरची इंधन वाढवण्याची मर्यादा संपली की पी०१७१ हा 'मिश्रण पातळ' सांगणारा कोड येतो. दहा-बारा वर्षांच्या गाडीत ई-२० भरल्यावर हा कोड दिसला तर स्कॅनरवर इंधनदुरुस्तीची टक्केवारी, म्हणजे फ्युएल ट्रिम, वाचून घ्यावी. सगळा दोष पेट्रोलवर टाकण्याआधी पुढचा सेन्सर, एअर फिल्टरनंतरच्या रबरी पाइपांची गळती आणि इंधनाचा दाब एकदा तपासून घ्यावेत.